थांब मावशी, चेक होऊ दे

गोल झाला आणि माझा भाचा ओरडलाच नाही. मी अर्धी उठलेले, दोन्ही हात वर, आणि हा शेजारी मांडी घालून तसाच, नजर स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या स्कोअरवर. म्हटलं अरे गोल झाला ना, तुझ्याच टीमचा! तर म्हणतो, "थांब मावशी, चेक होऊ दे." मग रेफ्रीने कानाला बोट लावलं, प्लेअर त्याच्याभोवती घुटमळले, रिप्लेवर रेघा आल्या, बराच वेळ गेला, शेवटी रेफ्रीने मधल्या वर्तुळाकडे हात केला आणि तेव्हा कुठे पोरगं उठून नाचलं. नाचलं मात्र मनापासून. त्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेलं नव्हतं, गोल असाच होतो, आधी जाळी हलते, मग चौकशी होते आणि मग आपण ओरडतो. मला मात्र रात्री उशिरापर्यंत त्याचा तो गप्प चेहरा आठवत राहिला. एवढ्याशा वयात आनंद असा दाबून धरायला हा कुठे शिकला, तर फुटबॉल बघता बघताच शिकला. २०१८ च्या रशिया वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सच्या ग्रीझमनला व्हीएआर, म्हणजे रेफ्रीच्या मदतीला असलेलं व्हिडिओ रिप्ले, बघून पेनल्टी दिली, वर्ल्ड कपमधली तशी पहिलीच, तेव्हा हा दुपट्यात होता. त्याच्या आधीचा फुटबॉल त्याने बघितलेलाच नाही.

आणि हे सगळं मागितलं आम्हीच होतं हे विसरून चालणार नाही. २०१० चा वर्ल्ड कप, ब्लूमफाँटेन, जर्मनीसमोर इंग्लंड २-१ ने मागे, लॅम्पार्डचा शॉट बारच्या खालच्या बाजूला लागून सरळ रेषेच्या आत टप्पा पडला आणि फिरकी घेऊन बाहेर आला. जर्मनीचा गोलकीपर नॉयरने बॉल उचलून खेळ पुढे चालू केला. घरोघरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसांना दिसलं, फक्त ज्यांना दिसायला हवं होतं त्या रेफ्री आणि लाइन्समनला दिसलं नाही. मी इंग्लंडच्या बाजूची कधीच नव्हते, तरी त्या क्षणी अंगाची लाही झाली होती, डोळ्यांदेखत खोटं चाललंय आणि कोणी काही करू शकत नाही असं वाटलं. दोन वर्षांनी गोल-लाइन टेक्नॉलॉजीला मान्यता मिळाली आणि २०१४ मध्ये ब्राझीलच्या वर्ल्ड कपला ती आली. प्रत्येक गोलपोस्टसाठी सात कॅमेरे, बॉल रेषा पूर्ण ओलांडून गेला की एका सेकंदात रेफ्रीच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं, विषय संपला. याबद्दल माझी आजही काही तक्रार नाही. रेषा जमिनीवर आखलेली आहे, बॉल एक तर आत गेला किंवा नाही गेला, यात मशीनने सांगितलेलं बरंच.

पण मग २०२० ची ती अॅस्टन व्हिला आणि शेफील्ड युनायटेडची मॅच आठवते. कोविडनंतर प्रीमियर लीग सुरू झालेली पहिलीच मॅच, रिकामं स्टेडियम, खुर्च्यांवर कोणी नाही, प्लेअरच्या हाका घुमतायत. फ्री किक आली, व्हिलाचा गोलकीपर नीलंड बॉल छातीशी धरून मागे मागे गेला आणि बॉलसकट गोलमध्ये गेला. शेफील्डवाले ओरडतायत, आणि रेफ्री मायकल ऑलिव्हर घड्याळाकडे बोट दाखवून सांगतोय की सिग्नल नाही. सातही कॅमेऱ्यांच्या आड कोणी ना कोणी आलं होतं, कोणाचं अंग, कुठे गोलचा खांब. ही यंत्रणा पुरवणाऱ्या कंपनीने नंतर माफी मागितली. व्हिला त्या मोसमात एका पॉइंटने वाचले आणि बोर्नमथ खाली गेलं. दहा वर्षांपूर्वी डोळ्यांना दिसलं नव्हतं, आता दिसलं पण घड्याळ गप्प होतं म्हणून ते धरलंच नाही, आणि व्हीएआरच्या खोलीत बसलेल्या माणसांनीही धरलं नाही. मला या दोन्हींतली दुसरी गोष्ट जास्त खुपते, का ते नीट सांगता येणार नाही, पण खुपते.

ऑफसाइडचं, म्हणजे पास सुटताना फॉरवर्ड समोरच्या टीमच्या बचावफळीच्या पुढे गेलेला असण्याचं, तर वेगळंच प्रकरण. सुरुवातीला जी व्हीएआरची रेघ मारायचे ना, तिचा हिशोब एकदा करून बघा. कॅमेरा सेकंदाला ५० चित्रं घेत असेल तर दोन चित्रांमध्ये सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. जोरात सुटलेला फॉरवर्ड सेकंदाला ९ मीटर पळतो, म्हणजे तेवढ्यात तो १८ सेंटिमीटर सरकलेला असतो, जवळजवळ वीतभर. आणि पास नेमका कोणत्या चित्रात सुटला हे ठरवणार खोलीत बसलेला माणूस. म्हणजे वीतभर डळमळीत जागेवर उभं राहून ते सेंटिमीटरचा न्याय करत होते आणि आपण काखेच्या, खांद्याच्या रेघा बघत दोन दोन, तीन तीन मिनिटं बसत होतो. २०२२ च्या कतार वर्ल्ड कपमध्ये हे बदललं. छताखाली १२ कॅमेरे, प्रत्येक प्लेअरच्या अंगावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपणारे, आणि बॉलच्या पोटात टांगलेला सेन्सर जो सेकंदाला ५०० वेळा सांगतो की मला आता धक्का लागला. मॅचच्या आधी ते बॉल ओळीने चार्जिंगला लावलेले असायचे, तो फोटो बघून मला कसंतरीच झालं होतं. बॉलमध्ये हवा भरतात एवढंच आपल्याला माहीत. पहिल्याच मॅचमध्ये, तिसऱ्या मिनिटाला एक्वाडोरच्या व्हॅलेन्सियाचा गोल या यंत्रणेने काढून घेतला. पुढे जपानचा मितोमा बॉल गोललाइनवरून आत ओढतो आणि त्यातून स्पेनवर गोल होतो, आणि बॉल रेषेवर उरला होता फक्त १.८८ मिलिमीटर, आणि त्या गोलने जर्मनी घरी जाते. टीव्हीवर एका बाजूच्या कॅमेऱ्यातून बॉल चक्क बाहेर दिसत होता. वरून घेतलेल्या फोटोत त्याची फुगीर कड रेषेच्या वर बारीकशी आलेली. तिथे मला टेक्नॉलॉजीचं खरंच कौतुक वाटलं, माणसाच्या डोळ्याने तो गोल नक्की नाकारला असता.

आणि मग युरो २०२४, डॉर्टमुंड, जर्मनी आणि डेन्मार्क. रेफ्री परत तोच मायकल ऑलिव्हर. ०-० असताना डेन्मार्कच्या अँडरसनने बॉल आत मारला, सगळे त्याच्या अंगावर पडले, आणि मग स्क्रीनवर ते कॉम्प्युटरने काढलेलं चित्र आलं ज्यात माणसांना चेहरे नसतात. डेलनीच्या बुटाचं टोक रेषेच्या पुढे.

पायाचं बोट, बस.

काही मिनिटांत त्याच अँडरसनच्या हाताला दुसऱ्या टोकाला बॉल चाटून गेला, टीव्हीवर बॉलमधल्या सेन्सरचा हृदयाच्या ठोक्यांसारखा आलेख दाखवला, सपाट रेषा आणि मध्येच एक उंच टोक, आणि हावर्ट्झने पेनल्टी मारली. जर्मनी २-० जिंकली. मॅच संपल्यावर डेन्मार्कचा कोच युलमंड फोनवरचा तो ऑफसाइडचा फोटो पत्रकारांना दाखवत होता, एक सेंटिमीटर, एक सेंटिमीटर. मोजमाप चुकलं होतं असं कोणीच म्हणत नाही, मीही म्हणत नाही. पण ऑफसाइडचा नियम आणला होता कशासाठी, तर कोणी गोलच्या तोंडाशी तळ ठोकून बसू नये म्हणून. बुटाच्या टोकाने डेलनीला कसला फायदा झाला होता? आपल्याला मोजता यायला लागलं म्हणून आपण मोजतोय, आणि नियमाचा जीव कशात होता ते मागे पडतंय, असं माझं स्पष्ट मत आहे. रेघ जरा जाड करा, तेवढ्या जाडीत जे येईल ते फॉरवर्डचं, एवढं केलं तरी पुष्कळ.

तसं आकडेमोड फुटबॉलला नवीन नाही. १९७० च्या दशकात कोच लोबानोव्स्की कीव्हमध्ये झेलेंत्सोव्ह नावाच्या शास्त्रज्ञाला बरोबर घेऊन कॉम्प्युटरवर प्लेअरच्या हालचालींचा हिशोब करत होता आणि डायनामो कीव्ह युरोपातले कप उचलत होतं. आता फरक एवढाच की तो हिशोब सगळ्यांकडे आहे. कुठून मारलेला शॉट किती वेळा आत जातो हे प्रत्येक क्लबला माहीत, आणि बॉक्सच्या बाहेरून मारलेल्या शंभरातले तीन-चार जेमतेम जातात हेही माहीत, मग पोरांना सांगतात मारू नको, पास दे, अजून जवळ जा. बरोबरच आहे त्यांचं. पण मी ज्या वयात फुटबॉलच्या प्रेमात पडले तेव्हा त्या तीन-चारसाठीच जीव अडकलेला असायचा, ब्राझीलच्या रॉबेर्तो कार्लोसने १९९७ मध्ये फ्रान्सविरुद्ध ३५ मीटरवरून ती फ्री किक मारली, बॉल इतका बाहेर चाललेला की तिकडे उभा असलेला बॉलबॉय खाली वाकला, आणि तो हवेत वळून खांबाला लागून आत आला. मॅग्नस इफेक्ट, फिरणाऱ्या बॉलच्या एका बाजूची हवा जास्त वळवली जाते आणि बॉल उलट बाजूला ओढला जातो, हे सगळं नंतर वाचलं, आणि वाचून ती फ्री किक मला आणखीच आवडायला लागली. विज्ञान कळल्याने गंमत जाते असं म्हणणाऱ्यांचं मला कधी पटलं नाही. आणि आकड्यांनी ब्रेंटफर्डसारख्या छोट्या क्लबला ७४ वर्षांनी वरच्या लीगमध्ये नेलं हेही खरं, पैसेवाल्यांनी न बघितलेले प्लेअर त्यांना आकड्यांत सापडले. त्यामुळे मी या बाबतीत दोन्हीकडे आहे.

पेनल्टीचं मात्र वेगळं, तिथे कागद आणि मन यांची सरमिसळ होते. २००६ चा वर्ल्ड कप, जर्मनी विरुद्ध अर्जेंटिना, शूटआउट. जर्मनीचा गोलकीपर लेहमनच्या सॉक्समध्ये हॉटेलच्या कागदावर पेन्सिलने लिहिलेली यादी, कोण कुठल्या बाजूला मारतो. शेवटचा आला कांबियासो, आणि तो यादीत नव्हताच. लेहमनने तरी कागद काढला, शांतपणे बघितला, परत खोचला. कांबियासोला काय माहीत त्यात काय आहे? शॉट अडला. आता इंग्लंडचा गोलकीपर पिकफर्डच्या पाण्याच्या बाटलीवर छापील यादी असते, २०२४ मध्ये स्वित्झर्लंडच्या अकांजीसमोर ‘डावीकडे झेप घे’ असं लिहिलेलं होतं, त्याने घेतली आणि अडवला. आणि एक गंमत म्हणजे इस्रायली संशोधकांनी २८६ पेनल्टी तपासल्या तर दिसलं की गोलकीपर मधेच उभा राहिला तर अडवण्याची शक्यता चांगली असते, पण राहतात शंभरात जेमतेम सहा. उभं राहून गोल खाल्ला तर लोक म्हणणार याने काहीच केलं नाही. माणूस आकड्याला नाही घाबरत, लोकांना घाबरतो. हे वाचलं तेव्हा मला सगळ्या गोलकीपरांबद्दल फार माया वाटली.

पण ज्या विज्ञानाबद्दल मला खरं बोलायचंय ते रेघेचं नाही, शरीराचं आहे.

मी खेळायचे तेव्हा आमच्या टीममध्ये एक मैत्रीण होती, उजव्या विंगला, पळायला लागली की मागून नुसती तिची वेणी दिसायची. एका मॅचमध्ये तिने बॉल थांबवून वळण घेतलं, जवळपास कोणीच नव्हतं, कोणाचा धक्का नाही, आणि ‘टप्’ असा आवाज आला. मी बरीच लांब होते तरी ऐकला. ती ओरडली नाही, गुडघा दोन्ही हातांनी धरून बसली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, काहीतरी तुटलं गं. एसीएल, गुडघ्यातली हाडं बांधून धरणारा दोरीसारखा बंध. परत ती खेळली नाही. तेव्हा सगळे म्हणाले नशीब, पाय वेडावाकडा पडला. आज माहीत आहे की बाईचं एसीएल फाटण्याचं प्रमाण पुरुषाच्या निदान दुप्पट आहे, आणि का आहे यावर अजून वाद चालू आहेत, हाडांची ठेवण, हार्मोन्स, जिममध्ये लहानपणापासून न मिळालेली ताकद, वाईट मैदानं, आणि पुरुषांच्या पायावर बेतलेले बूट. बाईची टाच अरुंद असते एवढी साधी गोष्ट बूट करणाऱ्यांच्या गावी नव्हती. २०२२-२३ च्या एका मोसमात आर्सेनल क्लबच्या मीड, मीडेमा, विल्यमसन आणि वीनरॉयटर अशा चौघींचं एसीएल गेलं. बॅलन डोर, म्हणजे जगातल्या सर्वोत्तम प्लेअरचा पुरस्कार, जिंकलेल्या पुतेयासचं त्याच्या आधी युरोच्या तोंडावर. तेव्हा कुठे जग हललं, २०२४ मध्ये इंग्लंडच्या महिला लीगमध्ये ‘प्रोजेक्ट एसीएल’ नावाचा अभ्यास सुरू झाला. ज्या खेळात बुटाचं टोक सेंटिमीटरमध्ये मोजतात त्या खेळाला बाईचा पाय मोजायला एवढा उशीर का लागावा, हा प्रश्न मी मनातून काढू शकत नाही. आणि उपाय तरी किती महाग असतात? हॅमस्ट्रिंगसाठी, म्हणजे मांडीमागच्या स्नायूंसाठी, एक नॉर्डिक नावाचा व्यायाम आहे, गुडघ्यावर बसायचं, जोडीदाराने घोटे दाबून धरायचे, आणि पाठ ताठ ठेवून जमेल तेवढं हळूहळू पुढे झुकत जायचं. मांडीची मागची बाजू थरथरते आणि एका जागी आपण धाडकन हातावर येतो. कॅमेरा नको, चिप नको. अभ्यास सांगतात की नेमाने केला तर हॅमस्ट्रिंगच्या दुखापती निम्म्यावर येतात. आणि मोठमोठ्या क्लबांतही तो पूर्ण करत नव्हते असं दिसून आलं.

१२ जून २०२१ ला युरोच्या मॅचमध्ये, कोपनहेगनला, डेन्मार्कचा एरिक्सन पडला ते मी लाइव्ह बघत होते. थ्रो-इन आला, तो दोन पावलं चालला आणि हात न टेकवता तोंडावर पडला, तसं पडणं बघितलं की आतून कळतं की हे काहीतरी वेगळं आहे. कॅप्टन केयर धावला, टीमने त्याच्याभोवती पाठी करून भिंत उभी केली, काही जण रडत होते, आणि त्या भिंतीच्या फटीतून छाती दाबणारे हात वर-खाली होताना दिसत होते. मला २००३ आठवत होतं, ल्योंमध्ये कॅमेरूनचा फोए ७२ व्या मिनिटाला असाच एकटा मैदानाच्या मध्ये पडला, २८ वर्षांचा, आणि उठला नाही. मी हात जोडून बसले होते. पण १८ वर्षांत काहीतरी बदललं होतं, डिफिब्रिलेटर बाजूलाच होता, तो वापरायचा कसा हे माहीत असलेली माणसं होती, एक शॉक दिला आणि हृदय चालू झालं. मग त्याच्या छातीत आयसीडी बसवलं, ठोका चुकला की स्वतःच शॉक देणारं छोटं यंत्र. इटलीत ते घेऊन खेळायला परवानगी नाही म्हणून त्याच्या इंटर क्लबने त्याला मोकळं केलं, तर ब्रेंटफर्डने घेतलं. आणि २०२४ च्या युरोमध्ये स्लोव्हेनियाविरुद्ध १७ व्या मिनिटाला, त्या दिवसानंतर बरोबर ११०० दिवसांनी, त्याने छातीवर बॉल घेऊन गोल मारला. छातीवर! ज्या छातीत ते यंत्र आहे. मी चेकची वाट बघितली नाही, ओरडले, आणि रडलेसुद्धा.

आता डोक्याकडे येते. लहानपणी आमचे एक कोच हेडरसाठी रांगेत उभं करायचे. पावसात भिजून जड झालेला बॉल ते हाताने उंच उडवायचे आणि आम्ही कपाळाने मारायचा, डोळे मिटायचे नाहीत. नीट लागला तर बरं, डोक्याच्या मधोमध लागला तर डोळ्यासमोर पांढरं व्हायचं, जिभेवर लोखंडासारखी चव यायची, आणि घरी जाईपर्यंत डोकं जड. कोणी तक्रार करायचं नाही, घाबरली म्हणतील. तेच १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये जेफ अॅस्टलने हजारो वेळा केलं. तो २००२ मध्ये ५९ व्या वर्षी गेला आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने कारण लिहिलं, कामामुळे झालेला आजार. खाणकामगाराच्या फुप्फुसाबद्दल लिहितात तसं. तरी पुढची कितीतरी वर्षं काहीच हललं नाही. २०१९ मध्ये ग्लासगोच्या डॉ. विली स्टुअर्टच्या टीमने स्कॉटलंडच्या ७,६७६ माजी प्लेअरची माहिती २३,००० सामान्य माणसांशी ताडून बघितली. हृदयविकाराने आणि फुप्फुसाच्या कॅन्सरने प्लेअर कमी गेले होते, खेळाने शरीर चांगलं ठेवलं होतं. पण मेंदूच्या झिजेच्या आजाराने मरण्याचं प्रमाण साडेतीन पट. पुढच्या अभ्यासात जागेनुसार बघितलं तर डिफेंडरचा धोका जवळजवळ पाचपट, आणि गोलकीपरचा सामान्य माणसाइतकाच. गोलकीपर हेडर मारत नाही. हा एक आकडा मी वाचला आणि बराच वेळ पुढचं वाचूच शकले नाही. १९६६ चा वर्ल्ड कप जिंकलेल्या इंग्लंडच्या त्या टीममधले स्टाइल्स, जॅक चार्लटन, विल्सन, पीटर्स, बॉबी चार्लटन, एकामागून एक सगळे डिमेन्शियाने विझत गेले, आपण कप जिंकला होता हेही काहींना शेवटी आठवत नसेल असं मनात येतं.

आणि आजचा बॉल पाणी पीत नाही म्हणून डोक्याला धोका उरला नाही, हा गैरसमज आहे. कोरड्या बॉलचं वजन तेव्हाही साधारण तेवढंच होतं, ४१० ते ४५० ग्रॅम, आणि आजचा जास्त वेगाने येतो. म्हणून तर आता अमेरिकेत १० वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडर बंद, इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये लहानांच्या सरावातून काढून टाकला, आणि इंग्लंडमध्ये मोठ्यांनाही सरावात आठवड्याला दहाच जोराचे हेडर मारायची सूचना आहे. सूचना. मोजतं कोण? प्लेअरच्या दोन खांद्यांच्या मध्ये, त्या घट्ट बनियनच्या खिशात जीपीएस असतो, तो किती किलोमीटर पळाला, किती स्प्रिंट मारले, किती वेळा करकचून थांबला, सगळं त्याच संध्याकाळी क्लबच्या लॅपटॉपवर असतं. रग्बीवाल्यांनी २०२४ पासून वरच्या पातळीवर दातात धरायच्या गार्डमध्ये सेन्सर घातला, डोक्याला किती जोराचा हादरा बसला ते डॉक्टरला बाजूला उभं राहून कळतं. फुटबॉलच्या तर मोठ्या स्पर्धांत बॉलमध्येच सेन्सर आहे, अँडरसनच्या हाताला चाटून गेलेला स्पर्श त्याला कळतो, मग कपाळावर आदळलेला कळत नसेल का? कळतोच. मग तो मोजा. प्रत्येक डिफेंडरचा मोसमभराचा हिशोब ठेवा, किती हेडर, केवढ्या जोराचे, सरावातले किती आणि मॅचमधले किती, आणि तो क्लबच्या कपाटात पडून राहायला नको, ज्याचं डोकं आहे त्याच्या हातात लेखी मिळाला पाहिजे, वीस-तीस वर्षांनी नावं विसरायला लागली तर बायको-मुलांना तो कागद घेऊन डॉक्टरसमोर बसता आलं पाहिजे.